मधला खांब

“पण आप्पा, तो खांब मूळ घरात नव्हताच. मग काढला तर चुकलं कुठं?”

निवृत्ती आप्पा सुतार अजून उंबऱ्याबाहेरच उभे होते. विचारणारा उमाकांत त्यांचाच शिष्य. सात वर्षं त्यांच्या हाताखाली रंधा मारून तो शहरात गेला आणि जुनी घरं दुरुस्त करण्यात त्यानं नाव काढलं. आता गावातलं पणजोबांचं माळवदाचं, मातीच्या सपाट छताचं घर त्यानं ‘जसं होतं तसं’ केलं होतं. पाठ थोपटून घ्यायला गुरूला मुद्दाम बोलावलं होतं.

“खांब कुणी घातला व्हता?”

“तुम्हीच. मी जन्मलो त्या साली.” उमाकांत हसला. “ऐन माजघरात. येता-जाता कपाळ आपटायचं. मी घर मूळ रूपात आणलं, आप्पा.”

“खालनं आणलंस.”

“म्हणजे?”

आप्पा चपला काढून आत आले.

माजघरात तुळईला पाळणा टांगलेला होता. आठ दिवसांपूर्वीच बारसं झालेली लेक त्यात झोपली होती. उमाकांतची बायको सुलभा शेजारी बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती.

“पोरी, बारशाला पाळणा भुईपासनं किती वर बांधला?”

“वीतभर. मीच वीत लावून बघितली होती.”

“आता लाव.”

सुलभानं पाळण्याखाली हात घातला. वीत उभी राहीना. आडवी चार बोटं तेवढी शिरली.

तिनं पुन्हा लावून बघितली...

“दोर ताणला असेल,” उमाकांत म्हणाला.

“दोर कुठंय?” सुलभाचा आवाज अगदी बारीक झाला. “साखळी आहे ना, लोखंडाची.”

वर कुठंतरी बारीक करकर झाली, आणि चिमूटभर पांढरी माती बाळाच्या दुपट्यावर पडली.

“तुझ्या पणज्यानं माळवदावर किती माती टाकली व्हती?” आप्पांनी विचारलं.

“असेल वीतभर.”

“अन् फुडं दर उन्हाळ्यात?”

उमाकांतची नजर वर गेली. पाऊस आत येऊ नये म्हणून दर उन्हाळ्यात माळवदावर नवी पांढरी माती चढायची. जुनी कुणी काढत नसे. यंदा तर त्यानं स्वतः उभं राहून वीस टोपल्या टाकून घेतल्या होत्या. दारं घासली, कोनाडे मोकळे केले, मधला खांब मुळापासून उपटला. डोक्यावर किती पिढ्यांची माती साचली आहे, हे बघायला मात्र तो एकदाही वर चढला नव्हता.

“पोरीला उचला,” आप्पा हळू आवाजात म्हणाले. “पळू नगा. भिंतीच्या कडंकडंनं जावा.”

सुलभानं बाळाला छातीशी धरलं. मागोमाग उमाकांत निघाला. माजघर ते अंगण, जेमतेम बारा पावलं. त्याला स्वतःच्या पावलांचीच भीती वाटत होती. मागे पुन्हा करकरलं. सुलभा थबकली. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

अंगणात पोचल्यावर त्यानं वळून पाहिलं.

आप्पा आतच होते. जिथं खांब होता नेमके तिथं. दोन्ही तळवे वर करून तुळईला टेकवलेले. पागोट्यावर, खांद्यांवर पांढरी माती झरत होती.

“आप्पा, बाहेर या!”

आप्पा हलले नाहीत.

“अहो, तुमच्यानं ती तुळई पेलणार आहे का?” उमाकांतला रडू फुटलं. “आप्पा, पाया पडतो... तिथं कशाला उभे राहिलात?”

आप्पांनी मान न वळवताच उत्तर दिलं.

“हे तू त्या खांबाला इचारायला पायजे व्हतंस.”