तारकोंडची हाळी

हा समोर दिसतो तो हाळीचा कडा. बंदरावरच्या पोरांनी तुम्हाला सांगितलं असेल की त्या गाण्याचं शूटिंग इथंच झालं. थापा आहेत. शूटिंग कुठं झालं ते देव जाणे, त्या व्हिडिओत दिसतो तो समुद्रसुद्धा आमचा नाही. आमच्या पाण्याला असला निळा रंग कधी येत नाही. पण गाणं इथलं, त्यात खोटं नाही. तुमच्या छातीवर ‘खारा वारा’ असं छापलंय ना, त्या बँडचा जन्म पलीकडच्या काठावरचा. बसा. चपला काढायची गरज नाही, हे देऊळ नव्हे. फक्त मोबाइलवर ते गाणं लावू नका एवढंच. गावात चालत नाही.

न चालण्याचं कारण आहे. तारकोंडात लग्न असो, गणपती असो, निवडणुकीची रिक्षा असो, कर्णा सुरू करण्याआधी एक माणूस या कड्यावर चढतो आणि खाडीकडे तोंड करून विचारतो, ‘सगळे इले?’ सगळे आले का, हीच आमची हाळी. मग दर्यावरून परतलेला प्रत्येक जण आपलं नाव घेऊन उत्तर देतो. कुणी कुणाच्या वतीनं बोलायचं नाही. नवरा झोपला असेल तर बायकोनं त्याला उठवायचं, पण ‘इलो’ हे त्यानंच म्हणायचं. मागं एका पुढाऱ्याची सभा अशीच खोळंबली होती. एक म्हातारा मासे विकून आला आणि दाढी करायला बसला होता. पुढारी घाम पुसत स्टेजवर उभा. म्हाताऱ्यानं दुसरा गालही नीट उरकला, मग बाहेर येऊन नाव सांगितलं. पुढारी कुणावरही रागावला नाही, कारण त्याला कुणीतरी आधी ही गोष्ट सांगितली होती.

गोष्ट फार जुनी नाही. पण गावात एव्हाना तिची चार रूपं झाली आहेत. आमच्या घरात सांगतात ते रूप मी सांगतो.

त्या काळी होड्यांवर यंत्रं नव्हती. थंडीत पहाटे खाडीच्या मुखावर असं धुकं उतरतं, की पुढं नाळेवर उभ्या माणसाला मागचा सुकाणूवरचा दिसत नाही. या कड्याखाली पाणी खोल, इथून होडी सुखरूप आत येते. पलीकडच्या काठाला मात्र पाण्याखाली टोकदार खडकांचं खडप आहे, त्याला आम्ही ‘दाते’ म्हणतो. म्हणून धुकं पडलं की गावातली एक बाई कड्यावर येऊन पितळी परात बडवायची, आणि होड्या त्या आवाजाच्या रोखानं यायच्या. प्रत्येक बंदराचा ठेका वेगळा. आमचा असा: दोन घाईचे, मग थांबायचं, मग एक सावकाश. परक्या बंदराच्या ठेक्यावर तारकोंडची होडी कधी वळली नाही. आपल्या ठेक्यावर मात्र डोळे मिटून वळायची.

त्या वर्षांत परात भागाबायच्या हातात होती. भागाबाय कोचरेकर, नवरा दर्यानं नेलेला, पदरात दोन मुलगे. थोरला भालचंद्र, म्हणजे भाल्या, आणि धाकटा लवू. भाल्याचा गळा असा, की देवाला गाऱ्हाणं घालायला उभा राहिला तरी लोक ऐकत बसत. लवूच्या हातात ताल. आधी दोघं वरातीच्या बेंजो पार्टीत होते, मग कुणीतरी मुंबईहून गिटार आणलं आणि यांनी बँड काढला. पलीकडच्या काठावर बर्फाचा बंद पडलेला कारखाना होता, तिथं तालीम चाले. गावातले म्हातारे म्हणायचे, इथं बर्फ फोडायचे तेव्हाही एवढा आवाज होत नव्हता.

लवूनं बँडच्या पहिल्या गाण्यात एक गंमत केली. आईच्या परातीचा ठेका जसाच्या तसा घेतला. दोन घाईचे, थांबायचं, मग एक. घरातली दुसरी परात तो त्यासाठी कारखान्यात घेऊन गेला होता. भागाबायला हे कळलं तेव्हा ती हसली म्हणे. रागावली असती तर बरं झालं असतं, असं माझी आई म्हणायची.

मग कुडाळला स्पर्धा ठरली. तिच्या आदल्या रात्री होडीवर जायची पाळी भाल्याची होती. लवू त्याला म्हणाला, ‘तू गळो सांभाळ. मी जातंय मामाबरोबर. सकाळी येतंय, मगे जावया कुडाळाक.’ आणि संध्याकाळी तो मामाच्या होडीवरून दर्यावर गेला. तो गेल्यावर कुणीतरी भाड्यानं दोन मोठे कर्णे आणले आणि कारखान्याच्या छपरावर चढवले. मोकळ्या मैदानावर आवाज कसा वाटेल ते बघायचं होतं. लवूला या कर्ण्यांचं काही ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे तेव्हा दिवसभर वीज नसे, पहाटे यायची. म्हणून पोरं पहाटे तालमीला उभी राहिली. ताल धरायला लवू नव्हता, तर त्यांनी त्याच्या वाजवण्याची कॅसेट लावली आणि भाल्या तिच्यावर गायला लागला. कारखान्याला खिडक्या नाहीत, बर्फाच्या कारखान्याला कशाला असतील? बाहेर धुकं उतरलंय हे आत कुणाला दिसलं नाही. धुक्यात होड्या असताना पलीकडच्या काठावर भांडंसुद्धा आपटायचं नाही, हा नियम भाल्या पाळण्यापासून शिकलेला. पण त्या पहाटे त्यानं दार उघडून बाहेर पाहिलं नाही.

कड्यावर भागाबाय परात बडवत होती. आणि पलीकडून तिचाच ठेका तिच्या दसपट मोठ्यानं येत होता. तिला लगेच कळलं. आवाज दाबायला ती जिवाच्या आकांतानं बडवत राहिली, दुसऱ्या बायकाही मिळेल ते घेऊन धावल्या. पण परातीनं कर्ण्याला कसं हरवायचं?

मामा वाचला, म्हणून पुढचं कळलं. त्यानं सुकाणू मोठ्या आवाजाकडे फिरवलं. लांबून गाणं उमटत नव्हतं, नुसता आपलाच ठेका, मग शंका घेणार कोण? होडी जवळ येत गेली तसा लवू नाळेवर कान देऊन उभा राहिला, आणि एकदम ओरडला, ‘मामा, फिरय! ही आयेची परात न्हय, ह्यो माझो हात!’ आपण मारलेला टोला आपल्याला ओळखू येतोच. पण तोवर दाते लागले होते. मामाला फळी सापडली. लवू सापडला नाही, नंतरही नाही.

धुकं विरल्यावर रिवाजाप्रमाणे भागाबायनं कड्यावरून विचारलं, ‘सगळे इले?’ एकेक नाव येत गेलं. लवूचं आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. असं ती उन्हं चढेपर्यंत विचारत होती. मग भाल्या धावत वर आला. तिनं त्याला एवढंच विचारलं, ‘तो आवाज तुझो?’

भाल्याला कॅसेटवर ढकलता आलं असतं, कर्णे लावणाऱ्यावर ढकलता आलं असतं. तो म्हणाला, ‘माझो.’

तिनं परात त्याच्या हातात दिली. ‘धर. आता तू वाजय.’ आणि खाली निघून गेली. काही लोक म्हणतात तिनं शाप दिला. शाप वगैरे काही नाही. ती त्याला जेवायला वाढायची, आजारात उशाशी बसायची. पण त्या दिवसापासून तिनं त्याला नावानं हाक मारली नाही. ‘जेव’, ‘इलंस?’, ‘दार लाव’, एवढंच. दाराआडून तिचा आवाज आला की तो थबकायचा, आता तरी नाव घेईल म्हणून. इतका मोठा गायक झाला, पण त्याला हवं होतं ते हे एवढंच.

कारण तो गायक झाला खरा. आधी गाणं सोडलंच होतं त्यानं. धुकं पडेल तेव्हा कड्यावर यायचा, परात वाजवायचा, हाळी द्यायचा. ती हाळी देता देताच चाल झाली, असं सांगतात. बँडच्या पोरांनी कड्याखाली उभं राहून ती ऐकली आणि त्याच्या पाया पडून रेकॉर्ड करायला लावली. ड्रम नाही, नुसती परात आणि गळा. पुढचं तुम्हाला माहीत आहे. नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत कॉलेजातली पोरं ‘सगळे इले?’ म्हणत रडू लागली. पुष्कळांना ते प्रेमाचं गाणं वाटलं. वाटू दे. ज्याचं कुणी यायचं राहिलंय त्याला ते आपलंच वाटणार.

भागाबायनं मात्र ते ऐकलं नव्हतं. मग बँडनं गावातच कार्यक्रम ठेवला, तिनं ऐकावं म्हणून. या वाळूवर माणूस मावत नव्हता. भाल्यानं गायला सुरुवात केली आणि ‘सगळे इले?’ या ओळीला हजारो माणसं एका सुरात ओरडली, ‘इले!’ शहरात तशी पद्धतच पडली होती.

भागाबाय पुढच्या रांगेत होती. ती उठली. ‘नाय,’ ती म्हणाली. ‘एक येवचो आसा. तुमी कोण सांगणारे?’

माइक नव्हता, पण एक अजून यायचाय हे सगळ्यांनी ऐकलं. भाल्यानं स्वतः जाऊन वायर उपटली. गावानं दुसऱ्या दिवशी बसून ठरवलं, की यापुढे कर्ण्याआधी हाळी होईल आणि ज्याचं उत्तर त्यानंच द्यायचं. तो पायंडा पडला, आणि आजही आहे.

पण गोष्ट इथं संपत नाही. भागाबाय म्हातारी झाली. नजर गेली, मग आठवणही विस्कटली. भाल्या कार्यक्रम सोडून घरी आला. रोज संध्याकाळी ती हट्टानं कड्यावर यायची, तो तिला हाताला धरून आणायचा. ती परात वाजवायची, विचारायची, ‘सगळे इले?’ आणि ऐकत बसायची. कुणाचं नाव यायचं राहिलंय हे ती विसरली नव्हती. थंडी वाढली तरी उठायची नाही.

एका संध्याकाळी भाल्याला ते बघवेना. त्याच्यामुळं गावानं घालून घेतलेला नियम त्यानंच मोडला. जरा लांब जाऊन, धाकट्या भावाचा हलका, हसरा आवाज काढून तो म्हणाला, ‘लवू इलो, आये.’

म्हातारीचे हात थांबले. चेहरा असा उजळला म्हणे, की भाल्याला तिच्याकडे बघवेना. तिनं चाचपत हात पुढं केला, तो जवळ गेला, तिनं त्याचं तोंड कुरवाळलं. ‘उशीर केलंस रे,’ म्हणाली. मग क्षणभर कानोसा घेऊन तिनं विचारलं, ‘आणि भाल्या? भाल्या खय रवलो?’

इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून त्याचं नाव निघालं, आणि तिच्या हातात असलेला तो चेहरा लवूचा होता. आता ‘मी इलंय’ म्हणावं तर लवू पुन्हा बुडतो. तिनं परात उचलली आणि आता भाल्यासाठी वाजवायला लागली. तो शेजारी बसून होता. त्या थंडीतच ती गेली, शेवटपर्यंत त्याची वाट बघत.

आजही तो ते गाणं गातो. शेवटी परात थांबते, दिवे जातात, आणि सगळं शांत झाल्यावर तो माइकपासून दूर होऊन हळूच म्हणतो, ‘भाल्या इलो, आये.’ लोकांना वाटतं तो आपलं नाव सांगतोय, आणि ते टाळ्या वाजवतात.