वाऱ्याकडची रांग

"चाचा, ही समोरची रांग काढून टाकू ना?"

मुकुंदने विचारलं खरं, पण आपलं विचारायचं म्हणून. बागेवरचा गडी धाकू कुऱ्हाड घेऊन केव्हाचा तयार उभा होता.

चाचा, म्हणजे दादामियाँ, रांगेपाशी जाऊन उभे राहिले.

समुद्रकाठच्या जुन्या कोठ्यांच्या बागा उभ्या करण्यात त्यांची हयात गेली होती. मुकुंद त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. नाखव्याच्या या कोठीची बाग त्याने एकट्याने आखलेली पहिली बाग. ती चाचांच्या पसंतीस उतरली की त्याला स्वतंत्र काम करायची मोकळीक मिळणार होती. आज काय तो निकाल लागायचा, आणि पठ्ठ्याने तो आपल्यापुरता लावूनही टाकला होता.

बाग देखणी झाली होती, उगाच कशाला नाही म्हणा. चाफे, मोगऱ्याचे ताटवे, मधून चिऱ्याच्या पायवाटा. फक्त समुद्राच्या अंगाला ती उंडीच्या झाडांची जुनाट रांग. वाकडी, खुरटी, एका बाजूने पार करपलेली.

"काय बिघडवलंय रे तिने तुझं?"

"बिघडवलं नाही, पण करते तरी काय? ना फूल धड, ना सावली धड. व्हरांड्यात बसलं तर समुद्र दिसत नाही. मग कोठी इथे बांधलीच कशाला?"

"कोठी नंतर बांधली. आधी रांग लावली."

"असेल. तेव्हाची गोष्ट वेगळी."

चाचांनी उंडीचं एक पान तोडलं आणि त्याच्या हातात दिलं.

"चाट."

मुकुंदने धाकूकडे पाहिलं. धाकू भलतीकडेच बघायला लागला. मग मुकुंदने पान जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"खारट."

चाचांनी रांगेमागच्या मोगऱ्याचं पान दिलं.

"याला... याला काही चव नाही."

"हं."

मुकुंद जरा घुटमळला. पण हार मानील तर शपथ.

"रांग गेली तर मोगऱ्यावर मीठ बसेल, एवढंच ना? गोड्या पाण्याने धुऊन काढू."

"रोज?"

"रोज."

"आणि तू पुढच्या बागेवर गेलास की?"

मुकुंद हातातलं पान चुरगाळायला लागला.

"चल, चहा घेऊ," चाचा म्हणाले.

रांगेपलीकडे, अगदी वाळूपाशी, एक बुटका कठडा होता. दोघे त्यावर बसले. धाकूने किटलीतून चहा ओतून दिला. वारा चढला होता. चाचा नेहमीसारखे समुद्राकडच्या टोकाला बसले.

हे त्यांचं नेहमीचंच. कुठल्याही बागेवर जा, समुद्राकडची जागा चाचांची. म्हाताऱ्याला समुद्र बघायची भारी हौस, असं मुकुंद आजवर धरून चालला होता. मागे एकदा तो त्यावरून रुसलाही होता.

आज त्याचं लक्ष चाचांच्या पेल्याकडे गेलं. चहावर वाळूचा थर आला होता. चाचा त्या अंगाचा डोळा बारीक करून बसले होते, आणि डोळ्यातून पाणी येत होतं. त्याचा स्वतःचा चहा मात्र स्वच्छ होता. वाफसुद्धा सरळ वर जात होती.

"चाचा, तुमच्या चहात वाळू गेली."

"जाते."

"रोज?"

"रोज."

या माणसावर आपला किती जीव आहे, हे मुकुंदने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तो उठला. चाचांच्या हातातला पेला काढून घेतला, आपला त्यांच्या हातात दिला, आणि वळसा घालून त्यांच्या पलीकडे येऊन उभा राहिला.

"सरका, चाचा. आत सरका."

चाचांनी वर पाहिलं... आणि सरकले.

मुकुंद बसला. पहिल्याच झोताने तोंडावर वाळू बसली, डोळ्यांत पाणी आलं. बरंच झालं. वाऱ्याने आलं म्हणायची सोय झाली.

धाकू कुऱ्हाड खांद्यावर टाकून जवळ आला.

"चाचा, मग काय करू? तोडू का रांग?"

चाचांनी गरम चहाचा एक घोट घेतला. दुसराही घेतला.

"मला काय विचारतोस?" ते हनुवटीने मुकुंदकडे दाखवत म्हणाले. "रांगेतल्याला विचार."