आवडीने उघडलेले मडके

देवसळ्याच्या खाडीला ओहोटी लागली की चिखलातून एका गलबताच्या काळ्या फासळ्या वर येतात. लाकूड अस्सल सागाचे, पण गावात त्याची ढलपीसुद्धा कुणी चुलीला लावत नाही. पाहुण्यांनी कारण विचारले की म्हातारे हिरोजी तांडेल आधी त्यांना कोकम सरबत पाजतात आणि मग सावकाश सांगायला बसतात.

हे गलबत धर्माजी तांडेलाचे. एकदा ते मलबारहून नारळ भरून परतले, पण धर्माजी त्यावर नव्हता. सुकाणू धरणाऱ्या केरूने किनाऱ्यावरच हंबरडा फोडला. सात दिवसांपूर्वी वादळात लाट आली आणि तांडेलाला घेऊन गेली, म्हणाला. बाकीच्या खलाशांनीही शब्दाला शब्द तेच सांगितले.

धर्माजीची बायको आवडी सुन्न झाली. प्रेत मिळाले नाही तर तेव्हा बाई बारा वर्षे कुंकू पुसत नसे. ना सवाष्ण, ना विधवा. नुसते खाडीकडे डोळे लावून बसायचे. तिला धड रडताही येईना. नवऱ्याची घोंगडी तरी घरी न्यावी म्हणून ती गलबतावर चढली, असे सांगतात, आणि चुलीपाशी थबकली. मडक्यात बांगड्याचे ताजे काटे होते.

आता, दर्याने सोबती नेला तर गलबतावरची माणसे बाराव्यापर्यंत मासळी तोंडात घालत नाहीत. ज्या पाण्यात आपला माणूस आहे, त्यातले खायचे कसे? नुसत्या भातावर दिवस काढतात. केरूने सगळ्यांकडून खोटे पाठ करून घेतले होते, पण जेवणाचे बेट्याच्या ध्यानातच आले नाही!

आवडी मडके घेऊन उतरली आणि गावादेखत तिने ते केरूपुढे ठेवले.

“भावजी, दर्यान नाय नेलान त्यांना. कुठल्या वाळूत पुरलात, सांगा!”

गलबतावर रांधणारा म्हातारा भंडारी पुढे आला आणि घडाघडा बोलू लागला. गलबताचा प्रमुख व्हायच्या, तांडेलकीच्या हव्यासाने केरूने भर समुद्रात झोपलेल्या धर्माजीवर सुरा चालवला होता. प्रेत वाहत किनाऱ्याला लागले तर जखम दिसेल, म्हणून एका ओसाड पुळणीच्या वाळूत ते पुरले होते.

गावाने केरूला सरकारच्या हवाली केले आणि धर्माजीला आणून अग्नी दिला. कुंकू पुसताना आवडी पहिल्यांदा रडली. “आता वाट बघायची नाय गो,” एवढेच म्हणाली म्हणे. ते गलबत पुन्हा कुणी समुद्रात नेले नाही, आणि खून झालेल्या गलबताचे लाकूड कुणी चुलीलाही लावले नाही.

आजही देवसळ्याला होडी लागली की पुरुष गुडघाभर पाण्यात थांबतात. आधी बायका वर चढून चुलीवरचे मडके उघडतात. नवरा समोर हसत उभा असला, तरी मडके बघितल्याशिवाय त्याला घरात घेत नाहीत.