बॉनेटखालची तार

एकदा एका गृहिणीने देवीला नवस बोलला. घरात सात माणसे बसतील अशी मोठी गाडी आली होती. "वर्षभर माझ्या माणसांना या गाडीत सांभाळ, मी सगळ्यांना घेऊन तुझ्या डोंगरावर ओटी भरायला येईन," असे ती हात जोडून म्हणाली. नवसाची खूण म्हणून देवीपुढचा हळदीचा दोरा गाडीला बांधायचा होता. समोर आरशाला बांधला असता तर नवऱ्याने चेष्टा केली असती. म्हणून एका दुपारी काच धुण्याचे पाणी भरायच्या निमित्ताने तिने बॉनेट उघडले आणि आतल्या एका रबरी नळीला तो दोरा बांधला. सुटू नये म्हणून वरून तांब्याच्या तारेचे दोन घट्ट वेढेही दिले.

वर्ष सरत आले आणि गाडीचे काहीतरी बिघडले. रस्त्यावर धावे तेव्हा ठीक. पण सिग्नलला उभी राहिली की हीव भरल्यासारखी थरथरे, एकदोनदा तर बंदच पडली. घाटातल्या वळणावर असे झाले तर, या विचाराने गृहिणीचा जीव खाली-वर होई. नवस फेडायला आठच दिवस उरले होते.

गावाबाहेर अण्णा नावाचे एक वृद्ध मिस्त्री होते. त्यांचा शिष्य दामोदर बारा वर्षे त्यांच्या हाताखाली शिकला होता. येत्या पाडव्याला अण्णा गॅरेज त्याच्या हाती सोपवणार होते. नवराबायको गाडी घेऊन तिथे गेले. दामोदरने सकाळभर खटपट केली, तरी तो कोड्यातच होता.

"प्लग बदलले, थ्रॉटल धुतला. स्कॅनर म्हणतो हवा जास्त येतेय. पण येते कुठून, अण्णा?"

"मागच्या महिन्यात सर्व्हिसिंग यानंच केलं," नवरा म्हणाला. "त्याआधी गाडी गपगुमान होती."

कुठे पेट्रोलचा वास येत नाही ना, हे अण्णांनी आधी नीट हुंगून पाहिले. मग भिंतीवरच्या गणपतीसमोरची उदबत्ती काढून पेटवली आणि गाडी चालू करायला सांगितली.

"आता आरती करणार वाटतं," नवरा बायकोच्या कानाशी पुटपुटला.

तिला मात्र नजर काढवेना. अण्णा उदबत्ती एकेका नळीजवळून अगदी सावकाश फिरवत होते. धूर सरळ वर जात होता. मग एका नळीपाशी तो अचानक वाकला आणि कुणीतरी ओढून घ्यावा तसा नळीच्या पोटाशी नाहीसा झाला. अण्णांनी वाकून पाहिले. तिथे भेग होती, आणि त्या भेगेत रुतलेली तांब्याची तार.

दोरा केव्हाच झिजून गेला होता. तार तेवढी उरली होती, आणि इंजिनाच्या हादऱ्यांनी वर्षभर नळीत चरत होती.

"बघा," नवरा म्हणाला. "तारा गुंडाळून काम भागवतात. सोसायटीतल्या बारा गाड्या तुमच्याकडे येतात ना? सगळ्यांना सांगतो, या माणसाच्या हाती गाडी देऊ नका म्हणून."

"साहेब, मी तार वापरत नाही. क्लिप लावतो," दामोदर म्हणाला. त्याने अण्णांकडे पाहिले.

अण्णांनी गाडी बंद करायला लावली आणि स्टूल ओढून बसले. "उदबत्ती विझेपर्यंत थांबू," एवढेच म्हणाले.

दामोदरचा चेहरा उतरला. बारा वर्षे शिकवणाऱ्या गुरूने त्याच्या बाजूने एक शब्द काढला नव्हता. गृहिणीने पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. गप्प राहिले तर कुणाला कळणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होते. आणि दामोदरचे हातही दिसत होते, फडक्यात घट्ट आवळलेले.

"त्यांनी नाही बांधली," ती म्हणाली. "मी बांधली. नवसाचा दोरा होता."

"अगं, मला विचारायचं तरी," नवरा म्हणाला.

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालो असतो," तो म्हणाला, आणि ओशाळून दामोदरकडे वळला. "माझं चुकलं, बाबा."

नवी नळी बसली. बॉनेटवर तळहात ठेवून गृहिणी ऐकत राहिली. इंजिन आता एका लयीत चालले होते.

"अण्णा, तुम्ही गप्प का बसलात?" दामोदरने न राहवून विचारले.

"तारेला हळद लागली होती. आपल्या गॅरेजात हळद कोण आणतं? मी बोट दाखवलं असतं तर तू सुटला असतास, पण ताई खाली मान घालून घरी गेल्या असत्या. उभ्या इंजिनाला श्वास कमी लागतो, म्हणून चोरवाटेचा वारा त्याला लगेच कळतो; धावताना तोच खपून जातो. माणसाचंही तसंच आहे. त्याला थोडा वेळ शांत उभं राहू द्यावं, आपलं आपल्याला कळतं." मग ते तिच्याकडे वळले. "ताई, नवसात खोट नव्हती. लपवायला जागा तेवढी चुकली."

आठव्या दिवशी गाडी घाट चढून गेली. देवीपुढे ओटी भरताना गृहिणीने एक नवा नेम धरला: घरात काही बिघडले, तर कुणी केले हे विचारण्याआधी आपला हात कुठे लागला होता ते सांगायचे. नेम साधा आहे, उपासतापास लागत नाही. ऐकणाऱ्यांनी येत्या मंगळवारपासून तो धरून पाहावा, एवढी हात जोडून विनंती.