सवालाला झील

"पण बुवा, मी खोटं काय बोललो? एवढंच सांगा, मग मी गप बसतो."

जयसिंग उभ्याउभ्याच विचारत होता. कालच्या जत्रेतला गुलाल अजून त्याच्या कानामागं होता, आणि छाती अशी फुगलेली, की सदऱ्याची गुंडी बिचारी जीव मुठीत धरून बसली होती.

केरबाबुवा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मान वर न करता म्हणाले, "खोटं बोललास असं कोण म्हणालं?"

"मग सकाळपासून माझ्याशी बोलत का नाही तुम्ही?"

"बाबालाल उठून गेला."

"हरला म्हणून गेला!"

"हरल्यावर तो जात नसतो, जयसिंगा. हरल्यावर तो जेवायला थांबतो. दोन भाकरी जास्त खातो वर."



ज्यांच्या नशिबी कलगी-तुऱ्याचा सामना ऐकणं आलं नाही, त्यांना इथं थोडं सांगायला हवं. दोन शाहीर आपापले डफ घेऊन समोरासमोर बसायचे. तुरेवाला शिवाची बाजू घ्यायचा, कलगीवाला शक्तीची. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. शंकर मोठा की पार्वती, एवढ्यावरून माणसं जत्रेची अख्खी दुपार चिंचेखाली भांडायची. आणि काय भांडायची हो! ऐकणाऱ्याला वाटावं आता डोकी फुटणार. आणि संध्याकाळी बघावं, तर दोघंही एका पंगतीला, आमटीचे भुरके मारत. आता तसं भांडणारं तरी कुठं कोण राहिलंय? नुसती कचकच ऐकू येते.

त्या खोऱ्यात सामन्याची एक रीत होती. सवाल संपला, की त्याची झील, म्हणजे मागून उचलून धरायचं पालुपद, समोरच्या शाहिरानंच धरायची. ज्याला पाडायचं, आधी त्याच्याच मागं गायचं. मनापासून, सुरात. मग सवाल टाकणारा विचारायचा, "पोचला का सवाल?" समोरच्यानं म्हणायचं, "पोचला." मग जवाब. त्याआधी कुणी तोंड उघडलं, की पुढं बसलेली म्हातारी माणसं खाकरायला लागायची. त्या खाकरण्याला भलेभले वचकून असायचे.

केरबाबुवा पिंपळवाडीचे, तुऱ्याचे. बाबालाल शाहीर मळेवाडीचे, कलगीचे. दोघांनी उभी हयात एकमेकांसमोर बसून काढली होती. पुढं बुवांना दम लागायला लागला, तसं त्यांनी आपल्या जागी या चेल्याला बसवलं. पोरगा हुशार. एकदा ऐकलं की पाठ. आवाज खणखणीत. फक्त झील धरण्यात फुकट वेळ जातो, असं त्याचं ठाम मत होतं. तरुण माणसाची मतं ठामच असतात, त्याला कोण काय करणार?

काल बाबालाल शाहिरांनी सवाल टाकला. त्यांचा शेवटचा शब्द हवेत असतानाच जयसिंगानं डफावर थाप मारली. झील नाही, काही नाही. तडक जवाब:

देव आमचा, ध्यान आमचं, तुझं त्यात रे काय?
मशिदीच्या वाटेवाल्या, इकडं नको टाकू पाय!

लोकांनी जत्रा डोक्यावर घेतली. शिट्ट्या काय, टोप्या काय! एकही म्हातारा खाकरला नाही. खाकरला असेल तरी त्या गोंगाटात कुणाला ऐकू आलं नसेल.

बाबालाल शाहीर उठले. डफ पिशवीत घातला. पंगतीची पानं मांडली जात होती, तिकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मळेवाडीच्या वाटेला लागले.

"लोकांनी मला खांद्यावर घेतलं, बुवा," जयसिंग म्हणाला. "तुम्हाला घेतलं होतं का कधी?"

"न्हाई बा."

"मग?"

"खांद्यावरनं बाबालालचं तोंड दिसत होतं का तुला?"

"...न्हाई."

"मला दिसत होतं."

बुवांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग आपल्याशीच बोलल्यासारखे बोलू लागले.

"एका वर्षी निवडणूक आली. मी एका झेंड्याचा, तो दुसऱ्या झेंड्याचा. भिंती रंगवायच्या होत्या, आणि शिडी दोन्ही गावांत मिळून एकच. मग काय, तो वर चढून त्याची निशाणी काढायचा, मी खाली शिडी धरायचो. त्याचं झालं की मी वर, तो खाली. आणि एकमेकाच्या पुढाऱ्याला अशा शिव्या घालायचो, अशा, की बाया कानात बोटं घालून पळायच्या..."

म्हातारा हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"पण शिडी हलू दिली न्हाई रं कुणी. त्यानं न्हाई, मी न्हाई."

जयसिंग खाली बसला. आता जरा हळू आवाजात म्हणाला, "येतील की पुढच्या जत्रेला. राग काय कायमचा असतो?"

"पंचांकडं निरोप आलाय सकाळी. बाबालालनं गाणं सोडलं."

जयसिंगाला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर आधी दुसरंच काहीतरी वाटलं, आणि तेच त्याच्या तोंडातून निसटलं. "म्हणजे मैदान आपलंच की, बुवा!"

बुवांनी त्याच्याकडं पाहिलं.

"तुझंच. आता तू चिंचेखाली एकटाच बसत जा. आणि चिंचेला हरवत जा."

...

जयसिंगाच्या छातीतली हवा तिथं गेली. डोळ्यांपुढं पुढची जत्रा आली. तो बसलाय, समोरची घोंगडी रिकामी, आणि माणसं भेळ खात पाळण्याकडं चाललीत. सवालच नाही तर जवाब कुणाला द्यायचा? तुरा नुसता तुरा म्हणून कुणी ऐकलाय?

"बुवा... मग आता काय करायचं?"

बुवांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "टोपी घाल. मळेवाडीला जायचंय."

दोघं ओढ्याच्या काठाकाठानं निघाले. ऊन चढलं होतं. बुवा दर थोड्या अंतरावर थांबत, छातीवर हात ठेवत, पुन्हा चालू लागत. जयसिंगानं माफीची वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. चांगली यमकासकट.

बाबालाल शाहीर परसात वांग्यांच्या रोपांना पाणी घालत होते. पाहुण्यांना बघून त्यांनी कळशी खाली ठेवली.

"ये केरबा. उन्हाचा कशाला आलास? ये रे पोरा, सावलीला बस."

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर जयसिंगाला बरं वाटलं असतं.

"चाचा, माझं चुकलं. मला माफ करा," तो एका दमात म्हणाला. जुळवलेली यमकं कुठल्या कुठं गेली.

"माफी कशाची? जवाब जोरदार होता. यमक तर झकास जमलं होतं." बाबालाल शाहिरांनी हात धोतराला पुसले. "एक विचारू का तुला?"

"विचारा की, चाचा."

"माझा सवाल काय होता?"

जयसिंगानं तोंड उघडलं.

एकदा ऐकलं की पाठ, असा तो पोरगा. त्याला आपला जवाब आठवत होता. टाळ्या आठवत होत्या. कोणत्या बाजूनं पहिली शिट्टी आली, तेसुद्धा आठवत होतं...

"ध्यानाचं काहीतरी होतं, चाचा."

"हां. ध्यानाचं काहीतरी होतं."

बाबालाल शाहीर भिंतीला टेकून बसले. मान खाली घातली. लाजेनं जयसिंगाला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेव्हा केरबाबुवा गायला लागले.

डफ नाही, साथ नाही. फाटका आवाज, मध्येच तुटणारा श्वास. आणि गात काय होते, तर कलगीचा सवाल! जन्मभर तुरा मिरवलेला माणूस शक्तीची बाजू गात होता.

शिव बसले ध्यानाला, डोळे मिटून घेतले,
डोळे मिटायचे बळ त्यांना सांगा कुणी दिले?

एवढं गाऊन बुवा थांबले.

झील कुणी धरेना. बाबालाल शाहिरांनी मान वर केली नाही. बुवा धापा टाकत वाट बघत राहिले. गाणं अर्ध्यात सोडलेलं कानाला फार लागतं.

कलगीची झील जयसिंगानं कधी धरली नव्हती. त्याची जीभच उचलेना.

...

"सांगा कुणी दिले, शाहीर, सांगा कुणी दिले..."

पहिल्यांदा जेमतेम ऐकू आलं. दुसऱ्यांदा सूर लागला. तिसऱ्यांदा म्हणताना त्याला एकदम आई आठवली, चुलीपुढं बसलेली, धुरानं डोळे लाल झालेली, ओव्या म्हणत त्याला मांडीवर झोपवणारी. डोळे मिटायचं बळ... खरंच की. कुणी दिलं? त्याचा आवाज कापायला लागला. तरी तो गात राहिला.

बाबालाल शाहिरांनी खाली बघतच विचारलं, "पोचला का सवाल?"

"पोचला, चाचा."

"मग दे जवाब."

जयसिंगानं शोधला. बुवांनी शिकवलेले सगळे जवाब डोक्यात चाळले. एकेक हातात घेतला आणि ठेवून दिला. सगळे चांगलेच होते, पण या सवालापुढं थिटे पडत होते.

"येत न्हाई."

बाबालाल शाहिरांनी आत्ता कुठं त्याच्याकडं नीट पाहिलं. "मलापण येत नाही रे. म्हणून तर इतकी वर्षं विचारतोय. तुमच्यापैकी कुणीतरी सांगेल म्हणून."

आणि ते हसले. जयसिंगानं त्यांचे पाय धरले, अगदी घट्ट.

"चाचा, पुढच्या जत्रेला या. मी सगळ्यांसमोर झील धरतो. लोकांसमोर माफी मागतो."

बाबालाल शाहिरांनी त्याला उठवलं. पण मान हलवली ती नाहीच म्हणून.

"तुझ्यावर राग नाही, पोरा. तू एकच होतास. पण तिथं जी माणसं शिट्ट्या मारत होती ना, त्यांतल्या कितीतरी जणांना मी खेळवलंय. त्यांच्या बारशाला गायलोय मी... आता तिथं बसलो की तेच दिसेल. नाही होणार माझ्यानं. गळा आहे, पण मन उठत नाही."

जयसिंग रडत होता. जे मोडलं ते माफीनं जोडलं जाईल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही.

"म्हणजे कलगी संपली," तो म्हणाला.

"का संपेल?" केरबाबुवा म्हणाले. "बाबालाल गात नसंल, तर दुसरा कुणी गाईल."

"कोण?"

"तू."

"बुवा! मी तुऱ्याचा!"

"म्हणून तर. बाबालाल, या वर्षाला हा तुझ्याकडं राहूदे. शक्तीची बाजू शिकव त्याला. पहिल्यापासून."

बाबालाल शाहिरांनी केरबाबुवांकडं पाहिलं. मग जयसिंगाकडं. मग कितीतरी वेळ वांग्यांच्या रोपांकडं...

शेवटी घराकडं तोंड करून त्यांनी हाक दिली, "ऐकलंस का? दोन भाकरी जास्त टाक. एक खाणारा वाढलाय."

केरबाबुवा गुडघ्यावर हात टेकत उठले. धोतर झटकलं. कुडाच्या फाटकाशी पोचले, तेव्हा जयसिंगाच्या ध्यानात आलं, आणि तो धावत मागं गेला.

"बुवा, पण तुऱ्याकडून माझ्यासमोर कोण बसणार?"

"मी हाय की."

"तुम्ही? तुम्हाला दम लागतोय, बुवा. चालवत न्हाई तुम्हाला!"

केरबाबुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघत जुन्या मित्राला ओरडून सांगितलं,

"बाबालाल, चांगला तयार कर रे त्याला. नीट हरायचं राहून गेलंय माझं!"