पानाला कुलूप

“कुलूप कशाला हवं?”

“कारण लोक घाण करतात, उस्ताद.”

इंद्रनील सकाळच्या एसटीने पुण्याहून इचलकरंजीला आला होता, तो एवढंच मागायला.

कॉम्प्युटरवर गाव वसवण्याचा एक खेळ होता. खेळात नसलेली घरं, पार, बैलगाड्या खेळाडू स्वतः घडवत आणि एकमेकांना देत. त्यांना मोड म्हणत. ते खेळात कसे बसवायचे, याची मराठी पुस्तिका इंटरनेटवर होती. कुणीही लिहावी, कुणीही सुधारावी. निसार शिकलगारांनी ती सुरू केली होती. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पानाला कुलूप घालणं, म्हणजे इतरांना त्यात लिहिण्याची बंदी करणं, फक्त त्यांच्या हातात होतं. आजवर त्यांनी एकाही पानाला ते घातलं नव्हतं.

“कोणी घाण केली?”

“उमरखेडची कोणी प्रणाली. शाळेत असेल. मी लिहिलेल्या पानात मधेच रडगाणं लिहून गेली. मी काढलं, तिने परत घातलं. मी परत काढलं, तिने परत…”

“काय लिहिलं होतं?”

इंद्रनीलने मोबाइलवर शोधून, तोंड वाकडं करत वाचलं. “‘आधी गावाची प्रत काढून ठेवा. मी काढली नव्हती. माझं गाव गेलं.’”

“खोटं आहे?”

“खोटं कशाला असेल? पण हे काय सांगायला लागतं? ज्याला एवढं कळत नाही त्याने मोडला हात लावू नये. उस्ताद, सगळी सुट्टी घातली मी त्या पानावर. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मराठीत काहीतरी चोख असावं की नाही? का सगळीकडे ढकलगाडीच?”

शेजारच्या कारखान्यात माग खडखडत होते.

उस्ताद उठून कॉम्प्युटरपाशी बसले.

“पान तपासू. चोख निघालं तर कुलूप घालतो. रीत माहीत आहे ना?”

इंद्रनीलला माहीत होती. वाचणारा पानात असेल तेवढंच करतो. लिहिणारा मागे बसतो आणि बोलत नाही.

त्याने खुर्ची मागे ओढली. हाताची घडी घातली.

पान साधं होतं. घरांचा जुना संच काढून नवा कसा बसवायचा, एवढंच. उस्तादांनी खेळ सुरू केला आणि एक गाव उघडलं.

इंद्रनील पुढे वाकला.

ते उस्तादांचं स्वतःचं गाव होतं. त्यांच्याकडे शिकलेल्या प्रत्येकाने स्वतः घडवलेली पहिली वस्तू त्या गावात ठेवली होती. तिरकं देऊळ. भिंतीत दार उघडणारी मशीद. तीन चाकांची बैलगाडी. आणि एका कोपऱ्यात विहीर… धुराड्यासारखी जमिनीवर उभी.

“ही कुणाची?”

“माझी,” इंद्रनील पुटपुटला. “सातवीत होतो.”

“विहीर खाली खणतात, हे सांगावं लागलं होतं साहेबांना.”

“मग पाडली का नाहीत?”

“नवी पोरं तिला बघून हसतात. मग खाली खणतात.”

इंद्रनील हसला नाही.

“उस्ताद, तपासायला हे गाव नका घेऊ. एखादं रिकामं घ्या.”

“कुठलं घ्यायचं ते पानात आहे?”

“…नाही.”

“मग गप्प बस.”

ते मोठ्याने वाचू लागले. “‘खेळ बंद करा.’” बंद केला. “‘जुना संच काढून टाका.’” काढला. “‘नवा संच त्याच जागी ठेवा.’” ठेवला.

इंद्रनीलच्या हाताची घडी सुटली. पुढची पायरी त्याला पाठ होती. गाव उघडा. उघडताच खेळ ते गाव नव्याने लिहितो. संचातली घरं तेवढी राहतात. हाताने घडवलेलं जे काही नव्या संचाला ओळखू येत नाही, ते पुसलं जातं. प्रत असेल तर परत आणता येतं. नसेल तर नाही.

आणि या गावात सगळंच हाताने घडवलेलं होतं.

“उस्ताद… प्रत काढलीत ना?”

उस्तादांनी मान वळवली नाही.

“मागे कोणी नाही. लिहिणारा पुण्यात आहे.”

“मस्करी पुरे. मी कबूल करतो, एक ओळ राहिली. आता थांबा.”

“‘गाव उघडा,’” उस्तादांनी वाचलं.

इंद्रनीलने झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं.

माग खडखडत राहिले.

उस्तादांनी दुसऱ्या हाताने त्याची बोटं सोडवली. घाई न करता, एकेक करून. मग त्याचा हात उचलून त्याच्याच मांडीवर ठेवला.

“उमरखेडला पोचला होता हा हात?”

आणि त्यांनी बटण दाबलं.

गाव उघडलं. सरळ रस्ते. एकसारखी, नवी, देखणी घरं. मधे मधे मोकळ्या जागा.

कोपऱ्यात गवत होतं. सपाट.

इंद्रनील खूप हळू आवाजात म्हणाला,

“तुमच्याकडे प्रत आहे. कुठेतरी ठेवलेली आहे… आहे ना?”

“पानात नव्हतं.”

उस्ताद उठले. रिकामी खुर्ची त्यांनी त्याच्याकडे सरकवली.

इंद्रनील बसला. स्वतःचं पान उघडलं. मग पहिल्या पायरीच्या वर त्याने लिहिलं : आधी गावाची प्रत काढून ठेवा.

पूर्णविराम दिला. हात मागे घेतला. कुलपाचं नाव त्याने काढलं नाही.

“झालं, उस्ताद.”

उस्तादांनी चष्मा लावला. वाकून वाचलं.

“तिने तीन वाक्यं लिहिली होती.”