ठमाबाईंची दुसरी मूठ

फार जुन्या काळी एका आमराईत ठमाबाई नावाची खार राहायची. फांदीवरून पडून तिचा पाय कायमचा अधू झाला होता. अधू जिवाला आमराईच्या कोठीतून रोज मूठभर शेंगा मिळत, आणि घरात मिळवतं कुणी नसेल तर आणखी एक मूठ. ठमाबाईंना दोन्ही मिळत.

पुढे लेकीचं लग्न झालं आणि जावई घरीच राहायला आला. तो रोज गाल भरभरून शेंगा आणी. ठमाबाई मात्र कोठीवर हे न सांगता दोन्ही मुठी घेत राहिल्या.

"त्यांनी पायाचं विचारलं होतं, जावयाचं कुठं विचारलं?" असं त्या लेकीला म्हणत.

एकदा कोठी सांभाळणारे साळिंदर दाजीबा विचारपूस करायला आले. त्यांनी ढोलीत डोकावताच शेंगांचा ढीग त्यांच्यावर कोसळला.

ठमाबाई रडवेल्या झाल्या. "पाय अजून तसाच आहे हो."

काट्यांत अडकलेल्या शेंगा काढत दाजीबा म्हणाले, "पायाची मूठ चालूच राहील. दुसरी जादा गेली, ती सावकाश परत करा. आणि यापुढे घरात काही आलं तर सांगत जा."

तेव्हापासून ठमाबाई रोज सांगायला जाऊ लागल्या. शेवटी त्या लंगडत येताना दिसल्या की दाजीबा कोठीमागे दडत.

"लपा खुशाल," ठमाबाई बाहेरूनच सांगत, "पण आज जावयानं अर्धं बोर आणलंय, आणि तेही किडकं आहे."